हेवा कशाचा? : एदोच्या उपसागरातील गळ, नाव आणि बंदी

मासेमारीचा इतिहास बहुधा अर्थकारणाच्या अंगाने लिहिला जातो. जाळी, होड्या, बाजार, कर, मच्छीमारांच्या जमाती आणि त्यांचे पाण्यावरील हक्क हे त्याचे नेहमीचे विषय. पोटासाठी नव्हे तर हौसेखातर, चार मित्र जमवून, बंदरासमोरच्या उथळ पाण्यात नाव उभी करून दिवसभर गळ टाकून बसणाऱ्या माणसाला या इतिहासात फारशी जागा मिळत नाही. साहित्यातही तो भेटतो तो बऱ्याचदा विनोदी पात्र म्हणून. हातून निसटलेल्या माशाची लांबी दर सांगण्यागणिक वाढवणारा. कोकणात गळाने मासे पकडण्याला ‘गरवणे’ असा नेमका शब्द आहे. पण गरवण्याचे शास्त्र, त्याची नीती आणि त्याचा आनंद यांविषयी कोणी ग्रंथ लिहिला असेल, ही कल्पना आपल्याला सहजी सुचत नाही.

जपानमध्ये असा ग्रंथ १७२३ साली लिहिला गेला. त्याचे नाव ‘कासेनरोकु’. ‘का’ म्हणजे काय, ‘सेन’ म्हणजे हेवा, ‘रोकु’ म्हणजे नोंद. ‘हेवा करावा असे आहे तरी काय?’ असा काहीसा या शीर्षकाचा भाव. गळाच्या मासेमारीवरील जपानमधील उपलब्ध ग्रंथांत हा सर्वांत जुना मानला जातो. लेखक त्सुगारू मासाताके (१६६७–१७४३) हा शोगुनचा थेट मानकरी, म्हणजे ‘हातामोतो’ वर्गातला, चार हजार कोकू तांदळाच्या उत्पन्नाचा सामुराई होता. त्याने आपली नाव जिथे घातली ते पाणी म्हणजे एदो शहरासमोरचा उपसागर. आजचा टोकियोचा उपसागर.

या ग्रंथाकडे केवळ छंदाची मार्गदर्शिका म्हणून पाहता येते, आणि बहुतेकांनी तसेच पाहिले आहे. परंतु त्याच्या मागची तीस-चाळीस वर्षे आणि पुढची अडीचशे वर्षे एकत्र वाचली तर एक वेगळाच प्रश्न समोर उभा राहतो. एकाच पाण्यात, एकाच माशासाठी, एक जण पोटासाठी गळ टाकतो आणि दुसरा मनासाठी. या दोघांमधली रेषा कोण आखतो, कशासाठी आखतो, आणि ती आखली गेल्यावर त्या पाण्याचे काय होते?

शांततेचे पाणी

१६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला आणि तोकुगावा घराण्याच्या सत्तेला आव्हान देणारे कोणी उरले नाही. त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ जपानमध्ये मोठे युद्ध झाले नाही. युद्धासाठी घडवलेल्या एका संपूर्ण वर्गाला त्यामुळे काम उरले नाही; वतन मात्र चालू राहिले. कोणतेही पद हाती नसलेल्या अशा मानकऱ्यांचा एक स्वतंत्र गटच होता. त्याला ‘कोबुशिन’ म्हणत. कमरेला दोन तलवारी, घरी ठरलेला तांदूळ, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत रिकामा दिवस. या रिकाम्या दिवसांतून चहाचे समारंभ आले, हायकूची मंडळे आली, बागा आल्या, आणि उपसागरातल्या नावाही आल्या.

एदोचे भूगोलही त्याला अनुकूल होते. सुमिदा आणि तिच्या शेजारच्या नद्यांनी आणलेल्या गाळामुळे उपसागराचे डोके उथळ होते. ओहोटीला मैलच्या मैल चिखल-वाळूचे पट्टे उघडे पडत आणि भरतीला तेच पट्टे माशांची कुरणे बनत. शहर वाढत अठराव्या शतकात दहा लाखांच्या घरात गेले. त्याच्या अगदी दाराशी हे पाणी होते. शहरातल्या कालव्यांच्या काठी ‘फुनायादो’ नावाची नावांची घरे उभी राहिली. तिथे नावाड्यासह नाव भाड्याने मिळे. पहाटे निघावे, बंदरात नांगरलेल्या मालवाहू गलबतांना वळसा घालून उथळ पाण्यात जावे आणि सांजावता परतावे, असा हा एका दिवसाचा प्रवास.

ज्या माशासाठी ‘कासेनरोकु’ मुख्यतः लिहिला गेला तो मासा मराठी वाचकाला परका नाही. जपानीत त्याला ‘किसु’ म्हणतात; आपल्या किनाऱ्यावर त्याच कुळातला मासा ‘मुडदुशी’ या नावाने ओळखला जातो. निमुळता, वाळूलगत फिरणारा, आकाराने लहान पण चवीला नाजूक. त्याला पकडायला बळ लागत नाही. दोरीतून येणारी बारीक थरथर बोटांना कळावी लागते. युद्धविद्येत वाढलेल्या वर्गाने आपल्या करमणुकीसाठी इतका हलका प्रतिस्पर्धी निवडावा, ही गोष्टच त्या काळाविषयी बरेच काही सांगते.

करुणेची आज्ञा

१६८० मध्ये तोकुगावा त्सुनायोशी पाचवा शोगुन झाला. १६८७ च्या सुमारापासून त्याने प्राणिमात्रांवर दया करण्याविषयीच्या आज्ञांची एक मालिकाच सुरू केली. कुत्र्यांना दिलेल्या संरक्षणामुळे त्याला ‘कुत्र्यांचा शोगुन’ असे कुचेष्टेचे नाव मिळाले. एदोजवळ नाकानो येथे १६९५ मध्ये बांधलेल्या श्वानशाळेत हजारो कुत्री पोसली जात. कित्येक पिढ्या हा सारा प्रकार एका विक्षिप्त राजाचा वेडाचार म्हणूनच शिकवला गेला. अलीकडच्या इतिहासकारांनी मात्र हे चित्र बरेच बदलले आहे. त्सुकामोतो मानाबू यांनी १९८३ मध्ये आणि बिआट्रिस बोडार्ट-बेली यांनी २००६ मध्ये या आज्ञांचे वाचन नव्याने केले. टाकून दिलेली अर्भके, वाटेत आजारी पडलेले प्रवासी आणि तुरुंगातले कैदी यांच्या रक्षणाचाही या आज्ञांत समावेश होता, याकडे त्यांनी लक्ष वेधले. तलवारीच्या जोरावर जगणाऱ्या वर्गाला जीव घेण्याच्या सवयीपासून तोडण्याचा हा प्रयत्न होता, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल.

या मालिकेत १६९३ मध्ये हौशी मासेमारीवर बंदी आली. गळ टाकण्याचा छंद आणि त्यासाठी नावा भाड्याने देणे, दोन्ही बंद. मच्छीमारांना मात्र मोकळीक होती; त्यांची उपजीविका पाण्यावर होती. म्हणजे मासा मरणे हा गुन्हा नव्हता. तो कोणत्या हेतूने मरतो यावर गुन्हा ठरत होता. जे कृत्य एका हाताने केले तर धंदा, तेच शेजारच्या नावेतल्या दुसऱ्या हाताने केले तर अपराध.

ही रेषा किती विलक्षण आहे हे समजण्यासाठी आपल्या घरचे उदाहरण उपयोगी पडेल. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना वसईजवळच्या सोपाऱ्याला, म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदरात, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, तिथे मृगया आणि तत्सम करमणुकी चालत. आपण मात्र राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या, असा त्या लेखाचा आशय आहे. इथे राजाने सोडली ती स्वतःची करमणूक. पुढे पाचव्या स्तंभलेखात काही जातींचे मासे अवध्य ठरवले गेले आणि ठरावीक तिथींना मासे मारणे व विकणे, दोन्ही वर्ज्य केले गेले. म्हणजे त्या दिवसांपुरती उपजीविकाही आज्ञेच्या कक्षेत आली. अशोकाची रेषा जीवांच्या आणि तिथींच्या याद्यांवर आखलेली आहे. त्सुनायोशीने १६९३ मध्ये आखलेली रेषा माणसाच्या मनातून जाते. पोटासाठी मारणाऱ्याला ती क्षमा करते. आनंदासाठी मारणाऱ्याला करत नाही.

नैतिकदृष्ट्या या भेदात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. आनंदासाठी जीव घेणे हे भुकेसाठी जीव घेण्याहून वाईट, असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. अडचण वेगळीच आहे. उपसागरातल्या नावेत हे दोघे एकत्रच बसलेले असतात. गळ टाकणाऱ्या सामुराईची करमणूक हीच त्याच्या नावाड्याची उपजीविका असते. करमणूक थांबवली की ती नाव चालवणाऱ्याचे पोटही थांबते. मच्छीमाराला सूट देणाऱ्या आज्ञेत या मधल्या माणसाला जागा नव्हती.

छप्पन्नाव्या वर्षीचा ग्रंथ

१७०९ मध्ये त्सुनायोशी वारला आणि त्याच्या वारसाने दयेच्या बऱ्याचशा आज्ञा लगोलग मागे घेतल्या. बंदी आली तेव्हा मासाताके सव्वीस वर्षांचा होता. ती उठली तेव्हा बेचाळीसचा. दरम्यान त्याच्या आयुष्यावरून आणखी एक वादळ गेले होते. त्याची पत्नी किरा योशिनाका या उच्चपदस्थ दरबाऱ्याची कन्या होती. ती लग्नानंतर लवकरच वारली. हा किरा म्हणजे सत्तेचाळीस रोनिनांच्या प्रसिद्ध सूडकथेतला वधपात्र. आपल्या धन्याच्या मृत्यूचा बदला घेण्यासाठी त्यांनी हिवाळ्यातल्या एका रात्री, पाश्चात्त्य पंचांगाप्रमाणे जानेवारी १७०३ च्या अखेरीस, किराच्या वाड्यावर हल्ला करून त्याचा शिरच्छेद केला. एदोच्या लोकमताने रोनिनांना वीर ठरवले आणि किराला खलनायक. १७४८ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘कानादेहोन चूशिन्गुरा’ या बाहुली-नाट्याने तर त्या खलनायकत्वावर कायमची मोहोर उठवली. तोवर मासाताकेला जाऊन पाच वर्षे झाली होती.

खलनायक ठरलेल्या सासऱ्याचा जावई, तारुण्यातली सोळा वर्षे आवडत्या छंदावर बंदी, आणि हाती वतन असले तरी कर्तृत्वाला वाव नाही. अशा माणसाने छप्पन्नाव्या वर्षी ‘हेवा करावा असे आहे तरी काय?’ असे शीर्षक निवडले, हे लक्षात घेतले की त्या शीर्षकाचा स्वर नीट ऐकू येतो. त्यात तक्रार नाही, पण दरबाराकडे फिरवलेली पाठ आहे. प्रस्तावनेचा रोखही तसाच आहे. नावेत बसलेल्या माणसाला कीर्ती आणि लाभ यांचे वजन जाणवत नाही, असे तो सुचवतो. आणि शहाणा माणूस पाण्यात रमतो या कन्फ्यूशियसच्या जुन्या विचाराचा आधार घेतो.

प्रस्तावना संपली की ग्रंथ कमालीचा व्यवहारी होतो. त्याचे तीन भाग आहेत. पहिल्यात उपसागरातल्या मासे मिळण्याच्या जागा. दुसऱ्यात नाव, काठी, दोरी, गळ, शिसे आणि आमिष. तिसऱ्यात हवामान, म्हणजे वारा, ढग आणि पाऊस यांची चिन्हे. गळांची आणि शिशांची बारकाईने काढलेली चित्रे आहेत; कोणता आकार कोणाच्या हाताचा, हे नावानिशी नोंदले आहे. चीनमधून येणाऱ्या ‘तेगुसू’ची, म्हणजे रानटी रेशीमकिड्याच्या ग्रंथीपासून काढलेल्या आणि पाण्यात जवळजवळ अदृश्य होणाऱ्या तंतूची, तो दखल घेतो.

साहित्याच्या अभ्यासकाला इथे आयझॅक वॉल्टनची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘द कम्प्लीट अँग्लर’ १६५३ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे ‘कासेनरोकु’च्या बरोबर सत्तर वर्षे आधी. वॉल्टन राजनिष्ठ होता. राजाचा शिरच्छेद झालेला, त्याच्या पंथाची प्रार्थनापुस्तिका बंद केलेली, आणि वर्षअखेरीस क्रॉमवेल सर्वाधिकारी होणार, अशा वेळी त्याने नदीकाठच्या शांततेचे पुस्तक लिहिले. दोघांनाही राजकारणाने एकेक दार बंद केले आणि दोघेही पाण्याकडे वळले. साम्य इथवरच. वॉल्टनचे पुस्तक छापले गेले आणि त्याच्या हयातीत त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या. संवाद, गाणी, किस्से यांनी ते भरलेले आहे आणि अनोळखी वाचकाशी मैत्री जोडू पाहते. ‘कासेनरोकु’ हस्तलिखितातच राहिला. नकला होत होत तो पुढे गेला. तो लिहिला गेला तो आधीपासून मित्र असलेल्यांसाठी. कोणाच्या हातचा गळ कसा वळलेला आहे हे ज्यांना पाहताक्षणी कळेल, अशा मूठभर लोकांची ती सामायिक वही आहे. म्हणूनच त्यात मैत्रीविषयी भाष्य फारसे नाही. मैत्री आहे ती चित्रांशेजारच्या नावांमध्ये.

मात्र या वहीत एक माणूस जवळजवळ अदृश्य आहे. समुद्रात फळी रोवून खूण करता येत नाही. पाण्यातली एखादी जागा पुन्हा सापडावी म्हणून किनाऱ्यावरच्या दोन-दोन खुणा एका रेषेत धरायच्या आणि त्या रेषांच्या छेदावर नाव उभी करायची, ही मच्छीमारांची जुनी रीत. तळाशी वाळू कुठे, चिखल कुठे, भरतीचा ओढ कोणत्या घटकेला फिरतो, कोणत्या ढगाला भ्यावे, हे ज्ञान चार हजार कोकूंच्या वाड्यात जन्मत नाही. ते नावाड्याकडून आले असले पाहिजे. ग्रंथाचा पहिला आणि तिसरा भाग हे एका अर्थी नावाड्यांच्या तोंडी ज्ञानाचे सामुराईच्या लेखणीने केलेले लेखन आहे. बंदीने ज्याला जागा दिली नाही, त्याच मधल्या माणसाला ग्रंथानेही नाव दिले नाही.

रोहान यांचा नावाडी

त्या माणसाला नाव मिळायला दोनशे पंधरा वर्षे लागली. १९३८ मध्ये कोदा रोहान (१८६७–१९४७) यांनी ‘गेन्दान’ ही कथा प्रसिद्ध केली. शीर्षकाचा अर्थ ‘भासकथा’ असा सांगता येईल. रोहान तेव्हा सत्तरी ओलांडलेले, आदल्याच वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय सांस्कृतिक सन्मानाच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी एक, आणि स्वतः मुरलेले गळवाले. देश चीनशी युद्धात उतरलेला होता. अशा वेळी त्यांनी गप्पांच्या संथ लयीत एक मासेमारीची गोष्ट सांगितली.

कथेची सुरुवात अनपेक्षितपणे आल्प्समध्ये होते: १८६५ मध्ये मॅटरहॉर्न प्रथम सर करून उतरताना चौघे कोसळले आणि वाचलेल्यांना आकाशात क्रूस दिसले, तो प्रसंग. मग कथा एदोच्या उपसागरावर येते. नायक एक कोबुशिन सामुराई. माणूस चांगला, पण कारभारातून बाजूला सारला गेलेला. त्याचा नेहमीचा नावाडी किची. मासा लागत नाही. यजमानाला त्याचे फारसे काही वाटत नाही. कानकोंडा होतो तो नावाडी. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतले तर पैसे मिळतीलही, पण त्याच्या कसबाला बट्टा लागतो. परतीच्या वाटेवर, अंधारून आलेल्या पाण्यात, त्यांना एक बांबूची काठी वर-खाली होताना दिसते. जवळ जाऊन पाहतात तर ती एका बुडालेल्या माणसाच्या मुठीत आहे. तोही हौशी गळवालाच. काठी असामान्य सुंदर आहे. मृताची बोटे मोडून ती काढून घेतली जाते. दुसऱ्या दिवशी त्या काठीला भरपूर मासे लागतात. आणि परतताना, त्याच सांजवेळी, पाण्यातून पुन्हा तशीच एक काठी वर येताना दिसते. सामुराई बुद्धाचे नाव घेतो आणि आपल्या हातातली काठी समुद्राला परत करतो.

ही भुताची गोष्ट म्हणून वाचता येते, पण तिचा आधार अगदी ऐहिक आहे. नाव कशी असते, गिऱ्हाईक कुठे बसते, नावाडी कुठे, ऊन कोणत्या बाजूने येते, सावलीसाठी काय बांधतात, हे रोहान इतक्या सावकाश सांगतात की भास दिसू लागेपर्यंत वाचक त्या नावेत बसून गेलेला असतो. आणि त्या नावेत दोन माणसे आहेत, हे ते क्षणभरही विसरू देत नाहीत. आनंद एकाचा, श्रम दुसऱ्याचे. तरीही दिवसभराच्या सहवासातून त्यांच्यात असे काही तयार झाले आहे की ज्याला मैत्री म्हणणे अडचणीचे आणि न म्हणणे कृतघ्नपणाचे. काठी घेण्याचा मोह दोघांनी मिळून केलेला आहे आणि भयही दोघांना मिळूनच वाटते. करमणुकीची किंमत कोणीतरी मोजलेली असते, ही जाणीव त्सुनायोशीने आज्ञेच्या भाषेत मांडली होती. रोहान तीच जाणीव मोडलेल्या बोटांच्या प्रतिमेतून मांडतात. फरक इतकाच की कथेत बंदी घालणारा कोणी नाही. जे घेतले ते परत करण्याचा निर्णय नावेतच होतो.

याच कथेत रोहान एका गमतीदार पद्धतीचे वर्णन करतात. ‘आओगिसु’ नावाचा किसुचाच एक भाऊबंद नावेच्या आवाजाने आणि सावलीने बुजतो. म्हणून नावाडी उथळ पाण्यात उंच घडवंच्या रोवून देई. गिऱ्हाईक एकेका घडवंचीवर चढून बसे आणि नाव दूर निघून जाई. भर पाण्यात, हाकेच्या अंतरावर, पण एकेकटे बसलेले मित्र! रोहान यांना या दृश्याचे हसू येते. आजच्या वाचकाला मात्र त्यात पुढच्या काळाची चाहूल लागते.

रेषा उलटते

युद्धानंतर टोकियोचा उपसागर झपाट्याने बदलला. कारखान्यांचे पाणी त्यात येऊ लागले. जून १९५८ मध्ये एदोगावा नदीवरच्या होन्शू पेपर कंपनीच्या कारखान्यातून येणाऱ्या काळ्या पाण्याविरुद्ध उरायासू गावचे मच्छीमार कारखान्यात घुसले आणि पोलिसांशी त्यांची मोठी चकमक झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जपानने जलप्रदूषणाविषयीचे पहिले राष्ट्रीय कायदे केले. पण तोवर भराव घालण्याचे धोरण ठरत आले होते. १९६२ साली टोकियोच्या हद्दीतल्या मच्छीमार संघटनांनी नुकसानभरपाई घेऊन उपसागरावरचे आपले मासेमारीचे हक्क सोडून दिले. उरायासूच्या मच्छीमारांनी त्याच वर्षी काही हक्क सोडले आणि १९७१ मध्ये उरलेलेही. त्यांच्या पाण्यावर घातलेल्या भरावावर १९८३ मध्ये टोकियो डिस्नेलँड उघडले. यामामोतो शूगोरो तरुणपणी, १९२६ ते १९२९ या काळात, या गावात राहिले होते. एका म्हाताऱ्याने गळ्यात मारलेल्या निळ्या, बेढब होडीची आणि त्या गावच्या बेरक्या, दरिद्री, जिवंत माणसांची त्यांची ‘आओबेका मोनोगातारी’ १९६० मध्ये आली. गावाचे पाणी जाण्याच्या अगदी उंबरठ्यावर.

उपसागरातले भरती-ओहोटीचे पट्टे एका शतकात सुमारे नव्वद टक्क्यांनी घटले. घडवंचीवरून गरवण्याची पद्धत १९६० च्या दशकात संपली. तिचा तो बुजरा आओगिसुही उपसागरातून नाहीसा झाला. आता तो क्यूशूच्या किनाऱ्याकडे उरला आहे. जे टिकले त्यात हौशी गळवाल्यांच्या नावा आहेत. हक्क सोडलेल्यांपैकी काहींनी आपल्या होड्या गिऱ्हाइकांसाठी सजवल्या आणि ते फुनायादोचे मालक झाले. आजही टोकियोत पहाटे अशा नावा निघतात. चार मित्र पैसे जमवून जागा राखतात आणि किसु गरवायला जातात.

इतिहासाचा हा उलटा फेरा लक्षात घेण्याजोगा आहे. १६९३ मध्ये सत्तेने हौस बंद केली आणि उपजीविका राहू दिली. १९६२ मध्ये उपजीविका विकत घेतली गेली आणि हौस राहिली. पहिल्या वेळी आज्ञेमागे करुणेचे तत्त्वज्ञान होते आणि तिची चेष्टा झाली. दुसऱ्या वेळी तत्त्वज्ञानाची गरजच भासली नाही. त्याला विकास म्हटले गेले. पहिली बंदी सोळा वर्षांत उठली, कारण पाणी जागेवर होते. दुसरीच्या बाबतीत पाणीच गेले.

म्हणून हौशी मासेमारीच्या नीतीचा विचार मासा मारणाऱ्याच्या मनापाशी थांबवून चालत नाही. त्सुनायोशीने विचारलेला प्रश्न, आनंदासाठी जीव घ्यावा काय, खराच आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येकाने आपापले द्यावे. पण उपसागर रिता केला तो गळ टाकणाऱ्या सामुराईने नव्हे, आणि जाळे टाकणाऱ्या मच्छीमारानेही नव्हे. त्या दोघांनाही पाणी पाण्यासारखे राहायला हवे होते. रोहान यांच्या नावेतल्या दोघांप्रमाणे त्यांचे हित एकाच फळीवर बसलेले होते. त्यांना दोन बाजूंना काढणारी रेषा कधी धर्माच्या नावाने आली, कधी प्रगतीच्या.

२०११ मध्ये युमेमाकुरा बाकू यांनी मासाताकेला नायक करून ‘ओएदो चोकाकुदेन’ ही कादंबरी लिहिली आणि तिला पुढे योशिकावा एइजी पुरस्कार मिळाला. बाशोचा शिष्य किकाकु आणि चित्रकार हानाबुसा इत्चो हेही तिच्यात गळ घेऊन येतात. तीनशे वर्षांपूर्वीचा एक अडगळीतला सामुराई अशा रीतीने पुन्हा वाचकांत आला. त्याच्या ग्रंथातल्या मासे मिळण्याच्या जागांपैकी कित्येकांवर आज रस्ते, गोदामे आणि इमारती आहेत. त्याने कोणत्या खुणा धरून कुठे नाव उभी करावी हे लिहून ठेवले. तिथे आता नाव जात नाही. ‘हेवा करावा असे आहे तरी काय?’ असे त्याने दरबाराकडे पाठ करून विचारले होते. आपल्याला हेवा वाटावा असे त्याच्याकडे एक होते: दाराशी असलेले, कोणाच्याही मालकीचे न वाटणारे, ओहोटीला उघडे पडणारे आणि भरतीला परत येणारे पाणी.